आरसीतली गाडी आणि दारातली गाडी: मॉडिफाय केलेली थार, जिम्नी, जीप रस्त्यावर कायद्यात कशी ठेवायची

पस्तीस इंची टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढणारी दोराची मोटर), टपावर एलईडी बार आणि बॉनेटच्या कडेने वर गेलेला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी. अशी थार नाकाबंदीवर थांबवली की मालक ठरलेलं वाक्य म्हणतो, "साहेब, सगळा माल ब्रँडेड आहे, बिलं आहेत." बिलांचा तिथे काही उपयोग होत नाही. वस्तू चांगली की हलकी, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. कंपनीने चाचणी करून जी गाडी मंजूर करून घेतली आणि आरसीत जिची नोंद झाली, ती हीच आहे का, एवढंच तो बघतो. म्हणून मॉडिफिकेशनची सुरुवात गॅरेजातून न करता कागदांपासून करायची.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ हे या विषयाचं मूळ. आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते सांगतं. 'बदल' म्हणजे काय, याची व्याख्याही कलमातच आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप पालटतं. या व्याख्येच्या आडोशाने बरीच वर्षं पळवाटा निघत होत्या. केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बऱ्याच अंशी बंद केल्या. राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. त्याच्या पोटकलम ४ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. बंपर, टायर, लाइट बार, सायलेन्सर आणि जास्तीची सीट असे पाच बदल म्हणजे कागदावर २५,००० रुपये. आवाज, धूर किंवा रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग असेल तर कलम १९०(२) वेगळं लागतं. त्यात पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

पुणेकरांचा एक गोड गैरसमज इथेच काढून टाकू. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर आहे, तशीच सीआयआरटी पुण्यातच आहे, व्हीआरडीई नगरला (आताचं अहिल्यानगर). मग गाडी नेऊन दाखवू आणि सर्टिफिकेट घेऊ, असं अनेकांना वाटतं. या संस्था कंपन्यांच्या मॉडेलची आणि किट बनवणाऱ्यांच्या किटची चाचणी करतात. तुम्ही गॅरेजात बांधलेल्या एकाच गाडीला मान्यता द्यायची व्यवस्था आपल्याकडे नाही. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेकडे एकटी गाडी तपासून बदल कागदावर चढवता येतो, ब्रिटनमध्येही एका गाडीपुरती मंजुरी मिळते. तिथल्या मित्रांचा सल्ला म्हणूनच इथे लागू पडत नाही.

पायरी १: कागद समोर ठेवा

स्पॅनर हातात घेण्याआधी चार गोष्टी टेबलावर हव्यात. आरसी, ज्यात रंग, इंधन, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकामं वजन, व्हीलबेस, चासी आणि इंजिन नंबर असतात. गाडीवरची व्हीआयएन (ओळख क्रमांकाची) प्लेट, जिच्यावर भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं. तुमच्या मॉडेलच्या सगळ्या व्हेरियंटचा तपशील, विशेषतः टायरचे साइझ. आणि विमा पॉलिसी. गाडीवर कर्ज असेल तर पाचवा कागद म्हणजे बँकेचा करार, कारण बोजा असलेल्या गाडीत बँकेच्या लेखी संमतीशिवाय फेरफार करता येत नाही.

आता मनातल्या बदलांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग बिनघोर: त्याच साइझचे मड-टेरेन टायर, मूळ उंचीचेच पण दणकट शॉकॲब्सॉर्बर, खालच्या संरक्षक प्लेटा, रिकव्हरी हुक, डिफरन्शियल लॉकर (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा), टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर, कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतल्या आणि पार्ट नंबरसह बिल असलेल्या वस्तू. ऑफ-रोडिंगच्या दृष्टीने बघितलं तर चिखलातून बाहेर काढणारी निम्मी ताकद याच ढिगात आहे. फोटोत तेवढी दिसत नाही.

दुसरा ढीग आरटीओच्या नोंदीने होणारा: रंगबदल, मान्यताप्राप्त सीएनजी किट, एआयएस-१२३ या वाहन मानकाखाली मंजूर झालेलं इलेक्ट्रिक किट, त्याच प्रकारच्या इंजिनाची अदलाबदल, अपंग चालकासाठी केलेले फेरफार.

तिसरा ढीग रस्त्यावर न चालणारा: बुलबार (बंपरपुढची लोखंडी नळी), चासी कापणं किंवा लांबवणं, ॲक्सल बदलणं, दुसऱ्या कुळातलं इंजिन, डीपीएफ किंवा ईजीआर (धुराचं प्रदूषण कमी करणारे भाग) काढणं, आडव्या जास्तीच्या सीटा, काचेवर काळी फिल्म, अनेक सुरांचा हॉर्न. आणि एक हमखास विसरलं जाणारं: ऑलिव्ह ग्रीन रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. जुन्या जीपला मिलिटरी लूक द्यायचा तर वाळूचा, राखाडी किंवा दुसरा हिरवा घ्या, आणि आरसीत तशी नोंद करा. संपूर्ण रॅपनेही गाडीचा रंग आरसीपेक्षा वेगळा दिसू लागतो, त्यामुळे त्यालाही तीच नोंद लागते.

पायरी २: टायर

सर्वांत जास्त भांडणं टायरवरून होतात, म्हणून आधी आकडेमोड. टायरच्या रुंदीला टक्क्याने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिसळा (एक इंच म्हणजे २५.४ मिमी). २०२० च्या थारमध्ये दोन साइझ आले: २४५/७५ आर१६ म्हणजे सुमारे ७७४ मिमी आणि २५५/६५ आर१८ म्हणजे सुमारे ७८९ मिमी. २६५/७० आर१७ होतो ८०३, २८५/७० आर१७ होतो ८३१ आणि पस्तीस इंची थेट ८८९.

मॉडेलच्या मान्यतेत असलेला, म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइझ बचावाला टिकतो. त्यापलीकडे गेलात की पाय निसरड्या दगडावर. जिम्नीचा मूळ १९५/८० आर१५ सुमारे ६९३ मिमीचा. २१५/७५ घातला तर फरक दीड टक्का, २३५/७५ घातला तर जवळपास सहा. पहिल्याकडे सहसा कोणी बघत नाही. पण 'बघत नाही' आणि 'चालतं' यांत अपघातानंतर फार अंतर पडतं.

मोठ्या टायरने स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. ७८९ च्या जागी ८८९ आला की चाक एका फेऱ्यात पावणेतेरा टक्के जास्त अंतर कापतं. काटा ९० दाखवतो तेव्हा गाडी १०१ ने धावत असते, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा कॅमेरा काटा बघत नाही. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे दोन-तीन टक्के पचतात, तेरा पचत नाहीत.

विकत घेताना टायरवर आयएसआय खूण आहे का बघा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. वापरलेले आयात टायर स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. नक्षीची खोली १.६ मिमीखाली गेली की तो टायर चारचाकीला बादच.

रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) बदलून किंवा चाकामागे स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून चाकं मडगार्डच्या बाहेर काढली की दगड आणि चिखल मागच्याच्या काचेवर उडतो, बेअरिंग लवकर आवाज करू लागतं, आणि लांबूनच गाडी ओळखू येते. स्पेसरमुळे नट स्टडवर कमी बसतो, हा खरा धोका. स्टडच्या जाडीएवढी पकड किमान हवी. १२ मिमीच्या, दीड मिमी आट्याच्या स्टडवर नटाचे आठ पूर्ण फेरे बसले नाहीत तर तो स्पेसर परत करा.

पायरी ३: उंची वाढवणं आणि हेडलाइट

आरसीवर गाडीची उंची ठळक लिहिलेली नसते, म्हणून लिफ्ट किट चालून जाईल असा समज आहे. पण मान्यता मिळालेल्या सस्पेन्शनमध्येच हा फेरफार आहे, त्यामुळे दोन-तीन इंची लिफ्ट तिसऱ्या ढिगातच धरा. नुसत्या कॉइलवर स्पेसर ठेवून उंची वाढवली की थारच्या स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनमध्ये बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. जिम्नीला पुढेही अखंड ॲक्सल आहे. तिथे कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कल) कमी होतो, पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवं धरणाऱ्या दांडीमुळे) ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. दोन्हीत ब्रेकचा होज ताणला जातो. गाडी लिफ्टवर घेऊन चाकं लोंबकळू द्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होजकडे बघा. ताठ दिसला तर गाडी खाली घेऊन घरी नेऊ नका.

उंची वाढवणाऱ्यांपैकी फार थोडे लोक हेडलाइटची पातळी पुन्हा लावतात. नियम १०६ चा आशय असा की लाइटपासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना प्रकाशाने दिपवायचं नाही. आता हिशेब बघा. डिपरची रेषा साधारण एक टक्का खाली झुकलेली असते, म्हणजे ८ मीटरवर आठ सेंटिमीटर. थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे. 'नाक खाली दिसतं' म्हणून फक्त पुढची बाजू २५ मिमी उचललीत तर गाडी एक टक्का मागे झुकते. डिपरचा सगळा उतार तिथेच संपला. समोरून दुचाकीवर येणाऱ्याला तुमचा डिपर अप्परसारखा दिसतो.

उपाय तासाभराचा आहे. सपाट जागी भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये रस्त्यावरची हवा, टाकी भरलेली, चालक सीटवर. काम करण्यापूर्वीच प्रकाशाच्या रेषेवर भिंतीला चिकटपट्टी लावा आणि लाइटच्या मध्यापासून ती किती खाली आहे ते लिहून ठेवा. सस्पेन्शनला, अगदी मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगलाही हात लागला की पुन्हा त्याच जागी येऊन तेवढाच फरक लावून घ्या.

पायरी ४: गाडीचं तोंड

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅशगार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. कारण तांत्रिक आहे. मूळ बंपर चुरगळून धक्का शोषतो, लोखंडी नळी तो थेट चासीपर्यंत नेते, एअरबॅगचं गणित बिघडतं, आणि पादचाऱ्याच्या मांडीला पत्र्याऐवजी पाइप लागतो. "हा एअरबॅग-सेफ आहे" असं दुकानदार म्हणाला तर त्या गाडीच्या मॉडेलवरचा चाचणी अहवाल मागा. कॅटलॉग मिळेल.

बंपर काढताना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही काढावी लागते. तिचं स्नॅप-लॉक एकदाच बसतं, काढताना तुटतं. मग लोक स्क्रूने प्लेट लावतात, आणि विंचच्या रोलरमागे अर्धी झाकतात. दोन्ही चुकीचं. नवं लॉक अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्या. मागच्या दारावर मोठी स्टेपनी आली तर मागची प्लेट आणि ब्रेक लाइट दोन्ही नीट दिसतात का, हे दहा पावलं मागे जाऊन बघा.

टपावरच्या आणि बंपरवरच्या लाइटांसाठी नियम १११ आहे: नोंदणी अधिकाऱ्याच्या आगाऊ मंजुरीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट नाही. अपारदर्शक कव्हर लावणं हा सभ्यपणा आहे, मंजुरी नव्हे. निघणाऱ्या ब्रॅकेटवर बार बसवा, वायरिंगला वेगळा फ्यूज आणि रिले द्या, रस्त्यावर यायच्या आधी बार डिकीत ठेवा. हेडलाइटच्या वायरमधून जोड काढणारे फिटर मिळतात. ती वायर तापली की इन्शुलेशन वितळण्याचा वास सगळ्यात आधी केबिनमध्ये येतो.

पायरी ५: वजनकाटा

लोखंडी बंपर ४५ किलो, विंच ३५, रॅक ३५, साइड स्लायडर ३०, पाच मोठे टायर मिळून ५०. पावणेदोनशे-दोनशे किलो कधी चढले ते कळत नाही, म्हणजे तीन माणसांची जागा गेली. जवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची असं तीनदा वजन करा आणि पावत्या ठेवा. सगळी माणसं, सामान आणि डिझेल धरून आकडा व्हीआयएन प्लेटवरच्या कमाल वजनापुढे जात असेल तर काहीतरी उतरवावं लागेल. टपावरचं आधी उतरवा. वरंधा घाटात त्याचं महत्त्व पहिल्याच वळणाला कळतं.

पायरी ६: आरटीओची नोंद

दुसऱ्या ढिगातल्या कामाचा क्रम उलटा झाला की फाइल अडकते. गाडीवरचे ई-चलन, विमा, पीयूसी आणि मोबाइल नंबरची जोडणी आधी साफ करा. कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र घ्या. परिवहनच्या वाहन पोर्टलवर 'अल्टरेशन' ही सेवा निवडून अर्ज भरा आणि मंजुरी घेऊनच काम करा. बदल केल्यापासून १४ दिवसांत तो कळवायचा असतो. मग गाडी मोटार वाहन निरीक्षकापुढे न्या. तिथे चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. नंबरावर अंडरकोट थापला असेल तर आदल्या दिवशी थिनरने पुसा, पॉलिश पेपर मात्र लावू नका. घासलेला नंबर म्हणजे नवी चौकशी. नवी आरसी हाती आली की नोंद शब्दशः वाचा. रंग चुकीचा चढणं ही नेहमीची गोष्ट आहे.

इंजिन बदलत असाल तर त्याच मॉडेलचं घ्या. बिलावर इंजिन नंबर हवा. ते भंगार गाडीतलं असेल तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद सोबत हवा. जिप्सीत डिझेल इंजिन बसवणं यांत्रिकदृष्ट्या जुनं, सोपं काम आहे. कागदोपत्री ते बसत नाही, कारण कलम ५२ ची इंधनबदलाची सवलत मान्य किटसाठी आहे.

जुनी जीप घेताना

हरियाणातलं मंडी डबवाली जुळवलेल्या जीपसाठी प्रसिद्ध आहे. नवा पत्रा, जुनं इंजिन, रुंद टायर, किंमत मोहात पाडणारी. सोबत येणारी आरसी बहुधा भंगारात गेलेल्या दुसऱ्याच जीपची असते. टॉर्च घेऊन चासीखाली जा. नंबर चासीच्या पोलादात ठोकलेला आहे की पट्टीवर ठोकून पट्टी वेल्ड केली आहे? आकड्यांची ओळ सरळ आहे का? आसपास ताजा रंग आहे का? आरसीतला व्हीलबेस टेपने मोजून बघा, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. चार इंचांचा फरक निघाला तर सौदा तिथेच सोडा. सगळं जुळलं तरी फॉर्म २८ ची एनओसी लागेल, १२ महिन्यांच्या आत महाराष्ट्रात पुनर्नोंदणी आणि इथला कर, आणि पंधरा वर्षं झाली असतील तर फॉर्म २५ वर नूतनीकरणाचं पासिंग.

विमा

विजेवर चालणाऱ्या जास्तीच्या वस्तू पॉलिसीत आयएमटी २४ या जोडकलमाखाली किमतीच्या ४ टक्के हप्त्यात जोडता येतात. पण विमा घेतला म्हणून बदल कायदेशीर होत नाही, आणि न कळवलेला बदल सापडला तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. शर्यत आणि रिलायबिलिटी ट्रायल नेहमीच्या पॉलिसीत वगळलेल्या असतात. स्पर्धेला उतरण्यापूर्वी आयएमटी ३१ बद्दल कंपनीला लेखी विचारा.

नाकाबंदीवर

डिजिलॉकरमधले कागद चालतात. चलनावर कोणतं कलम लावलंय ते बघा: १८२अ(४), १९०(२) की किरकोळ १७७. कलम चुकीचं वाटलं तर रस्त्यावर हुज्जत न घालता न्यायालयात जाता येतं. दंड भरल्याने पुढच्या चौकापर्यंतची परवानगी मिळत नाही, तोच बदल पुन्हा पकडला जाऊ शकतो. गाडी धोकादायक वाटली तर नोंदणी अधिकारी कलम ५३ खाली तुमचं म्हणणं ऐकून नोंदणी निलंबित करू शकतो. केरळला जाणार असाल तर तिथली तपासणी कडक असते, हे निघण्याआधी लक्षात घ्या.

आणि खरोखर रानटी गाडी बांधायची असेल तर

मग ती रस्त्यासाठी बांधूच नका. पोर्टल ॲक्सल, ट्यूब चासी, ३७ इंची टायर ही गाडी फ्लॅटबेडवरून न्यायची वस्तू आहे. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांना अशीच न्यावी लागते. स्वतःचा ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर कायद्याने तोही मोटार वाहनच आहे, त्याचीही नोंदणी लागते. वर्षातून चार फेऱ्यांसाठी भाड्याचा फ्लॅटबेड परवडतो. उतरवायची ती खासगी जमिनीवर, मालकाच्या लेखी परवानगीने. जंगल आणि समुद्रकिनारा ही खासगी जमीन नव्हे.

काढलेले मूळ सुटे भाग विकू नका. स्प्रिंगला ग्रीस, बंपरला जुनी चादर, नटबोल्ट जोडीजोडीने पिशवीत घालून वर कुठले ते मार्करने लिहा. गाडी रस्त्यावर परत आणायची किंवा विकायची वेळ येते, तेव्हा गॅरेजवाला पहिल्यांदा हेच विचारतो: "ओरिजिनल माल आहे ना घरी?"